ग्रंथालयाचे कार्यक्रम आणि पुस्तकांच्या शिफारशी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दर महिन्याच्या सुरुवातीला आमच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या सूचनाफलकावर दोन कागद लागतात. एक आगामी कार्यक्रमांचा आणि दुसरा ‘आवर्जून वाचावीत अशी पुस्तके’ या शीर्षकाचा. हे कागद शेजारी-शेजारी लावलेले असले, तरी त्यांचा एकमेकांशी काहीही संबंध नसतो. हे पत्र लिहिण्याचे कारण तेवढेच आहे.

मध्यंतरी ग्रंथालयाच्या सभागृहात झोपेच्या तक्रारींवर व्याख्यान झाले. सभागृह भरलेले होते, प्रश्नोत्तरेही लांबली (त्यात एक श्रोता गाढ झोपला होता, ही त्या व्याख्यानाला मिळालेली सर्वांत प्रामाणिक दाद). व्याख्यान संपल्यावर दहा-बारा जण उत्साहाने देवघेव विभागाकडे वळले, तर तेथील खिडकी कधीच बंद झाली होती. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पुस्तके शोधायला गेले, तेव्हा खरी अडचण लक्षात आली. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्युई दशांश वर्गीकरणानुसार झोप आणि स्वप्नांचे मानसशास्त्र १५४ या क्रमांकात, झोपेतील शरीरक्रिया ६१२ मध्ये आणि निद्रानाशाचा विकार ६१६ मध्ये जातो. म्हणजे एका प्रश्नासाठी वाचकाने दोन दालने पालथी घालायची. यात वर्गीकरणाचा दोष नाही, कारण १८७६ साली प्रथम प्रसिद्ध झालेली ही पद्धत मुळात विद्याशाखांनुसारच पुस्तके लावते. वाचक मात्र विद्याशाखा घेऊन येत नाही, प्रश्न घेऊन येतो. व्याख्यानाच्या दिवशी सभागृहाच्या दाराशी एक टेबल मांडून त्यावर या तिन्ही क्रमांकांतली पंधरा-वीस पुस्तके ठेवली असती आणि देवघेव तासभर उशिरा बंद केली असती, तर त्यातली निम्मी तरी त्याच संध्याकाळी घरोघरी गेली असती.

शिफारशींच्या यादीबद्दल अधिक स्पष्ट लिहिणे भाग आहे. ती शिफारस नसतेच. महिनाभरात दाखल झालेल्या पुस्तकांची नोंदवहीतून उतरवलेली नावे असतात. पुस्तक कोणी वाचले, कोणाला आवडेल, कोठे जड जाते, यांपैकी काहीच तीत नसते. याउलट एकदा एका जाडजूड ग्रंथात देवघेव विभागातील कर्मचाऱ्याने ठेवलेली चिठ्ठी मला मिळाली होती : ‘पहिली चाळीस पाने नेटाने वाचावीत, पुढे थांबवत नाही.’ त्या एका ओळीमुळे मी तो ग्रंथ पुरा केला. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांत ‘प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक’ असे एक सूत्र आहे, आणि ती चिठ्ठी लिहिणाऱ्याला ते पाठ नसले तरी कळलेले होते.

शिवाय शिफारस नव्याच पुस्तकांची का असावी? नवे पुस्तक कपाटात टिकतच नाही, त्याला मागणी असतेच. ज्या पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेल्या तारखेच्या चिठ्ठीवर अखेरचा शिक्का आठ-दहा वर्षांपूर्वीचा आहे, त्याच्यासाठी कोणीतरी दोन शब्द बोलायला हवेत.

कर्मचारी अपुरे आहेत, हे उत्तर मला ठाऊक आहे आणि ते खोटेही नाही. म्हणूनच पन्नास नावांची यादी करण्याऐवजी महिन्याला पाचच पुस्तके निवडावीत, प्रत्येकाखाली वाचलेल्या माणसाच्या दोन ओळी आणि त्याची सही असावी, मग तो कर्मचारी असो वा सभासद. बालविभागात तर मुलांकडूनच या ओळी लिहून घ्याव्यात; मुले भीड न ठेवता लिहितात.

पुढील महिन्याच्या फलकावर आकाशदर्शनाचा कार्यक्रम जाहीर झाला आहे. त्या दिवशी पुस्तकांचे टेबल मांडावे, असा लेखी अर्ज मी ग्रंथपालांकडे दिला असून, पुस्तके काढून लावण्यासाठी मी स्वतः तासभर आधी येईन, असेही त्यात नमूद केले आहे.

आपली,
एक सभासद वाचक