गोष्टींतले पैसे गाळू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अभिजात बालकथा मराठीत संक्षिप्त करताना पहिली कात्री बहुतेक वेळा पैशांच्या आकड्यांवर चालते. ‘पंधरा शिलिंग’ जाऊन ‘तुटपुंजा पगार’ येतो, ‘तीन पैसे’ जाऊन ‘थोडेसे पैसे’ येतात. नाणी परकी, हिशेब जुने, मुले अडखळतील, ही काळजी समजण्यासारखी आहे. पण या लेखकांनी गरिबी आकड्यांतच मांडली आहे. आकडे गाळले की ‘गरीब पण प्रामाणिक’ एवढेच शिल्लक राहते आणि गरिबी हा जणू माणसाच्या स्वभावाचाच भाग आहे, असे वाचणाऱ्या मुलाला वाटू लागते.

चार्ल्स डिकन्सची ‘अ ख्रिसमस कॅरोल’ (१८४३) घ्या. कंजूष व्यापारी स्क्रूज याचा कारकून बॉब क्रॅचिट याला आठवड्याला १५ शिलिंग मिळतात. कामाचे दिवस सहा, म्हणजे रोजचे अडीच शिलिंग. त्या काळी अडीच शिलिंगांचे एक चांदीचे नाणे असे, अर्धा क्राउन. गोष्टीच्या सुरुवातीला नाताळची सुट्टी देताना स्क्रूज कुरकुरतो: अर्धा क्राउन कापला तर तुला अन्याय वाटेल, पण बिनकामाचा रोज मी देतो तो माझ्यावर अन्याय नाही का? शेवटी मन पालटलेला हाच स्क्रूज खिडकीतून रस्त्यावरच्या पोराला सांगतो: टर्की विकणाऱ्याला घेऊन ये, एक शिलिंग देईन, पाच मिनिटांच्या आत आणलेस तर अर्धा क्राउन. कारकुनाच्या ज्या एका रोजावरून तो कुरकुरत होता, तेवढीच रक्कम आता पाच मिनिटांच्या धावण्याला! स्क्रूज किती बदलला, ते डिकन्सने या नाण्यातून दाखवले आहे. एका ठिकाणी ‘पगारकपात’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘मोठे बक्षीस’ असे मोघम लिहिले की या दोन प्रसंगांतला दुवा तुटतो.

क्रॅचिटांचे घर असेच हिशेबाने वाचावे लागते. आईवडील आणि सहा मुले, आठ तोंडे. माणशी आठवड्याला दोन शिलिंगही नाहीत. थोरली मार्था बायकांच्या टोप्या बनवणाऱ्या दुकानात उमेदवारी करते. पीटरसाठी आठवड्याला साडेपाच शिलिंगांची नोकरी बघून ठेवली आहे. नाताळचा हंस भाजायला बेकरीत दिलेला असतो, कारण अशा घरांत भट्टी नसे. हा तपशील गाळून हंस ‘आईने घरी शिजवला’ असे लिहिणे म्हणजे त्या घराला नसलेली भट्टी बांधून देणे. पुस्तकाची पहिली आवृत्ती पाच शिलिंगांना विकली गेली. बॉबला ती घ्यायची झाली असती तर दोन दिवसांचा रोज गेला असता. डिकन्सला हे हिशेब पाठ होते. १८२४ साली त्याचे वडील ४० पौंड १० शिलिंगांच्या कर्जापायी मार्शलसी तुरुंगात गेले आणि बारा वर्षांचा डिकन्स बुटपॉलिशच्या कारखान्यात आठवड्याला सहा शिलिंगांवर पॉलिशच्या बरण्यांना लेबले चिकटवू लागला. ते कर्ज बॉबच्या पगारात मोजले तर बरोबर ५४ आठवड्यांचे होते.

काही रूपांतरकार आकडा ठेवतात, पण तो आजच्या रुपयांत बदलतात. ही चूक गाळण्यापेक्षाही वाईट. ब्रिटनमध्ये १९७१ साली दशमान नाणी आली, त्या हिशेबाने १५ शिलिंग म्हणजे ७५ नवे पेन्स. आजच्या दराने ते शंभर रुपयांच्याही आत येतात. आठवड्याचा पगार शंभर रुपये वाचून मूल एक तर हसेल, नाही तर त्या काळी सगळे फुकटच मिळत होते असे समजेल. नुसता ‘शिलिंग’ शब्द बदलून ‘१५ रुपये’ केले तरी तेच. रकमेचा अर्थ त्याच पुस्तकातल्या दुसऱ्या रकमेशी ताडूनच लागतो: दिवसाचा रोज किती, पाव किती, घरभाडे किती.

हिंदीतून आलेल्या गोष्टींतही हेच होते. प्रेमचंदांच्या ‘ईदगाह’मध्ये जत्रेला निघालेल्या हामिदच्या खिशात तीन पैसे आहेत. आजच्या मुलाला पैसा म्हणजे रुपयाचा शंभरावा भाग एवढेच ऐकून ठाऊक. पण ती विभागणी १ एप्रिल १९५७ पासूनची. त्याआधी चार पैशांचा आणा आणि सोळा आण्यांचा रुपया, म्हणजे रुपयाचे ६४ पैसे. हे सांगितले नाही तर प्रेमचंदांचा हिशेब जुळत नाही. शिवणकामाचे मिळालेले आठ आणे आजी अमीनाने ईदसाठी जपून ठेवलेले, पण आदल्या दिवशी गवळण पैशांसाठी डोक्यावर बसली. आता घरात उरले एकूण दोन आणे: तीन पैसे हामिदच्या खिशात, पाच अमीनाच्या बटव्यात. तीन आणि पाच आठ, आठ पैसे म्हणजे दोन आणे. हामिदला रोज दोन पैशांचे दूध लागते. म्हणजे बटव्यातले पाच पैसे अडीच दिवस पुरतील, आणि त्यातच ईदच्या दिवशी दारात येणाऱ्यांना काही ना काही द्यायचे आहे.

जत्रेत मोहसिनकडे पंधरा पैसे, महमूदकडे बारा. एका पैशात पाळण्याचे पंचवीस फेरे, दोन पैशांना मातीचे खेळणे. चिमट्याचा भाव दुकानदार सहा पैसे सांगतो, मग पाचावर येतो, शेवटी हामिदच्या तीन पैशांत देतो. तव्यावरून रोट्या काढताना आजीचे हात भाजतात म्हणून घेतलेला हा चिमटा म्हणजे घरातल्या रोख पैशाच्या तीन अष्टमांश. हे लक्षात आले की अमीना आधी रागावते का, हे मुलांना सांगावे लागत नाही. ‘तीन रुपये’ असे ‘सोपे’ केले आणि पुढे ‘दोन आणे’ तसेच राहिले की सगळा परिच्छेद निरर्थक होतो.

वर्गात ही गोष्ट घ्यायची तर प्रत्येक गटाला आठ चिंचोके द्यावेत. तीन हामिदचे, पाच अमीनाचे. फळ्यावर जत्रेतले भाव लिहावेत आणि खाली ‘दूध, रोज २’ असे लिहावे. आधी मुलांना तीन चिंचोके हवे तसे खर्च करू द्यावेत. बहुतेक गट पाळणा आणि खेळणे घेतात, आणि तसे घेणे चूक आहे असे शिक्षकाने मुळीच म्हणू नये. मग पाचांतून दूध वजा करत जावे. तिसऱ्या दिवशी एकच चिंचोका उरतो, आणि वर्गात प्रश्न आपोआप निघतात. हा खेळ फसतो तो शिक्षक घाईने ‘तात्पर्य काय?’ असे विचारतात तेव्हा. मग मुले चिंचोके खाली ठेवतात आणि ‘त्याग’ असे एका सुरात म्हणतात.

फ्रान्सिस हॉजसन बर्नेटच्या ‘अ लिटल प्रिन्सेस’मध्ये (१९०५) एके काळी श्रीमंत असलेल्या, आता उपाशी साराला गटारात चार पेन्सचे नाणे सापडते. एक पेनीला एक असे ती चार पाव मागते, बेकरीवाली सहा देते, आणि सारा त्यातले पाच दारातल्या भिकारी मुलीला देते. इतके नेमके लिहिणारी तीच लेखिका साराच्या श्रीमंतीपाशी मात्र हात आखडते. ती श्रीमंती हिऱ्यांच्या खाणींची. खाणीत खोदणारी माणसे दिसतात ती साराच्या कल्पनेत, ओझरती. त्यांची मजुरी कुठेच येत नाही. पेनीच्या पावाचा हिशेब आहे आणि खाणीचा नाही, हे दहा-बारा वर्षांच्या मुलांना नीट कळते, फक्त कोणी तरी विचारायला हवे. तिथे भारतातून गेलेली माणसेही पात्रे आहेत, म्हणून आपल्याकडे तर हा प्रश्न जरूर विचारावा.

आपल्या कहाण्यांनी मापे कधी सोडली नाहीत. राजाच्या हुकुमाने गावाने सगळे दूध आणून ओतले, मुलाबाळांना आणि वासरांना काही ठेवले नाही, तरी महादेवाचा गाभारा भरला नाही. घरातल्यांना पोटभर पाजून म्हातारीने आणलेल्या खुलभर दुधाने तो भरला. ‘खुलभर’ काढून ‘थोडेसे’ घातले तर कहाणीचे नावच जाईल. ‘श्यामची आई’तून (१९३५) मुलांसाठी निवड करताना मात्र पोहण्याच्या गोष्टीवर पहिला हात पडतो आणि ‘कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक’, ‘तेल आहे, तर मीठ नाही!’ ही प्रकरणे मागे राहतात. मुलांना कर्ज कळणार नाही हा समज चुकीचा आहे. ज्यांच्या घरी हप्ते थकलेले आहेत त्या मुलांना ते आधीच कळलेले असते. पुस्तकात ते दिसले नाही तर असे फक्त आपल्याच घरी होते असे त्यांना वाटते.

प्रकाशकांकडे आणि बालपुरवण्यांच्या संपादकांकडे मागणे फार नाही. मूळ रक्कम, मूळ नाणे ठेवावे. सोबत चार ओळींचा तक्ता द्यावा: १२ पेन्स म्हणजे १ शिलिंग, २० शिलिंग म्हणजे १ पौंड, अडीच शिलिंग म्हणजे अर्धा क्राउन, ४ पैसे म्हणजे १ आणा आणि १६ आणे म्हणजे १ रुपया. त्याखाली त्याच गोष्टीतला एक रोज आणि एका खाण्याच्या वस्तूचा भाव लिहावा. हा तक्ता पुस्तकाच्या शेवटी नको. रक्कम प्रथम येते त्याच पानाच्या तळाशी हवा, कारण शेवटचे पान मुले गोष्ट संपल्यावरच उघडतात.

आपले,
शालेय ग्रंथालयांत काम करणारे शिक्षक व ग्रंथपाल