समुद्री गवताकडेही लक्ष द्या

संपादक महोदय,

हवामानबदलाच्या चर्चेत जंगलांबद्दल भरभरून लिहिलं जातं. उथळ समुद्रातल्या गवताच्या कुरणांचा मात्र साधा उल्लेखही क्वचितच होतो, याची खंत वाटते. हे गवत म्हणजे शेवाळ नव्हे. त्याला मुळं असतात, फुलं येतात, बिया धरतात. समुद्रतळाच्या ०.२ टक्क्यांहूनही कमी जागा व्यापणारी ही कुरणं समुद्रात दरवर्षी गाडल्या जाणाऱ्या सेंद्रिय कार्बनपैकी सुमारे दहावा हिस्सा गाडतात, असा अंदाज आहे.

खरी करामत चिखलात आहे. दाट पात्यांमुळे पाण्याचा वेग मंदावतो आणि वाहून आलेला गाळ खाली बसतो. त्या गाळात थोडं खाली गेलं की प्राणवायू संपतो, त्यामुळे मेलेली मुळं-खोडं कुजता कुजत नाहीत. भूमध्य समुद्रातल्या पोसिडोनिया गवताचे असे थर काही ठिकाणी कित्येक मीटर जाड आणि हजारो वर्षं जुने आहेत.

गवत मेलं की हा गाळ उघडा पडतो, लाटा तो ढवळून काढतात आणि साठलेला कार्बन पुन्हा मोकळा होऊ लागतो. २०१०-११ च्या सागरी उष्णतेच्या लाटेत पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या शार्क बेमधली विस्तीर्ण कुरणं अशीच गेली. अमेरिकेत व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर बिया पेरून हजारो हेक्टर कुरण पुन्हा उभं राहिलं, हे फार मोठं काम आहे. पण हजारो वर्षांचा थर पेरून मिळत नाही. म्हणून आहेत ती कुरणं सांडपाणी, गाळउपसा आणि बोटींच्या नांगरांपासून वाचवण्यावर आधी पैसा खर्च व्हावा. आपल्या दैनिकाने हा विषय लावून धरावा, ही विनंती.

– एक वाचक