ताणाला मित्र म्हणण्याआधी

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत ताणावर आलेला लेख वाचला. ताणाला शत्रू समजू नका, तो तुमची ताकद वाढवायला आलाय असं समजा, म्हणजे तो बाधणार नाही, असा त्या लेखाचा एकूण रोख होता. ताण उपकारकही असतो, हा त्यातला अर्धा भाग मला मनापासून पटला. समजूत बदलली की तो बाधत नाही, या उरलेल्या अर्ध्याबद्दल हे पत्र लिहिते आहे. मी नोकरीची सगळी वर्षं शस्त्रक्रियागृहात परिचारिका होते आणि निवृत्तीनंतर घरी सासूबाईंना सांभाळलं. त्यांना स्मृतिभ्रंश झाला होता.

पटलेल्या भागाबद्दल आधी सांगते. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबेना म्हणून एखाद्या बाईला तातडीने टेबलावर घेतात, तेव्हा खोलीतल्या एकाचीही नाडी जाग्यावर नसते. मी स्क्रब होऊन, म्हणजे हात निर्जंतुक करून गाऊन-ग्लोव्हज घालून, उभी असायचे. कान भूलतज्ज्ञांच्या मॉनिटरकडे, नजर सर्जनच्या बोटांवर आणि डोक्यात मॉपचा, म्हणजे रक्त टिपायच्या कापडांचा काउंट, किती आत गेले आणि किती बाहेर आले. तोंडाला कोरड पडलेली असायची, पण हाताला कंप नसायचा. सर्जनने मागायच्या आत क्लॅम्प पुढे गेलेला असे. पोट बंद करण्याआधी काउंट जुळला की तसं मोठ्याने सांगितलं जायचं. त्या क्षणी खोलीतले सगळे एकदम श्वास सोडत. बाई वॉर्डात गेली की आम्ही ग्लोव्हज काढून थोडा वेळ भिंतीला टेकून उभ्या राहायचो, कुणी काही बोलायचं नाही. त्या रात्री मला गाढ झोप लागायची.

ते काम निवांत मनाने होणारं नव्हतंच. मात्र याच ताणात नव्या सिस्टरला आम्ही थेट उभं करत नसू. तिला आधी बाहेरून सामान द्यायला, मोजायला ठेवायचो, कारण तीच धडधड तिला गारठवून टाकायची. १९०८ साली येर्क्स आणि डॉडसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी उंदरांवर केलेले प्रयोग हेच सांगतात. सोपं काम उंदीर जोराच्या विजेच्या झटक्याने लवकर शिकले, पण काम अवघड होतं तेव्हा मध्यम झटका सगळ्यात उपयोगी ठरला आणि त्याहून जोराच्या झटक्याने शिकणं मंदावलं. म्हणजे एकाला पेलवणारा ताण दुसऱ्याला पेलवेलच असं नाही, आणि त्याच माणसालाही तो प्रत्येक कामात पेलवेल असं नाही.

परिचारिकेला हा विषय एका औषधावरून फार चांगला कळतो. ताण आला की अॅड्रिनलिन हे संप्रेरक काही सेकंदांत काम सुरू करतं. मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून कॉर्टिसॉल हे दुसरं संप्रेरक पाझरू लागतं, ते रक्तात साधारण वीस ते तीस मिनिटांनी सर्वांत जास्त असतं आणि तेच मेंदूपर्यंत जाऊन आता पुरे असंही सांगतं. हेच कॉर्टिसॉल कुपीत भरून येतं तेव्हा आम्ही त्याला हायड्रोकॉर्टिसोन म्हणतो; ते स्टेरॉइड औषधांपैकीच एक. ज्या रुग्णाच्या अधिवृक्क ग्रंथी निकामी झाल्या आहेत त्याला साधा ताप किंवा छोटी शस्त्रक्रियाही जिवावर बेतू शकते, त्याचा रक्तदाब कोसळतो. म्हणून अशा रुग्णाची शस्त्रक्रिया असली की त्याचा हायड्रोकॉर्टिसोनचा डोस आधीच वाढवलेला असतो. भूलतज्ज्ञ हे विचारल्याशिवाय पुढे जात नाहीत. ज्याचं शरीर ताणाला उत्तरच देऊ शकत नाही असा माणूस किती नाजूक असतो, हे मी जवळून पाहिलं आहे. ताण समूळ नको म्हणणाऱ्यांनी असा माणूस एकदा पाहावा.

आता त्याच औषधाची दुसरी बाजू. दम्याचा जोराचा झटका आलेल्याला स्टेरॉइडचे थोडे दिवस वाचवतात. तीच औषधं महिनोन्‌महिने घ्यावी लागली की हाडं ठिसूळ होतात, साखर चढते, कातडी इतकी पातळ होते की चिकटपट्टी काढताना सोलून निघते, जखमा रेंगाळतात, जंतुसंसर्ग चटकन धरतो. औषध तेच असतं, फक्त ते किती दिवस चाललं यात फरक असतो. ताणामुळे शरीरात औषधाच्या डोसाइतकं कॉर्टिसॉल साठत नाही, हे मान्य. पण सकाळी चढायचं आणि रात्री उतरायचं ही त्याची रोजची लय महिनोन्‌महिन्यांच्या ताणात बिघडू शकते. थोड्या वेळाच्या ताणात रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कातडीकडे सरकतात, जणू जखम होणार हे गृहीत धरून. लांबलेल्या ताणात तीच प्रतिकारशक्ती थकते. हान्स सेल्ये या शास्त्रज्ञांनी १९३६ साली उंदरांवरच्या प्रयोगांवरून हा क्रम मांडला: आधी धोक्याची घंटा, मग तग धरणं, आणि तरीही त्रास थांबला नाही तर गळून जाणं. ‘किती वेळ’ हा प्रश्न तेव्हापासून या विषयाच्या मुळाशी आहे, आणि आपल्या लेखात नेमका तोच नव्हता.

सासूबाईंचं करणं शस्त्रक्रियागृहाच्या मानाने हलकं काम होतं. आंघोळ, भरवणं, गोळ्या, कपडे. त्या क्षणाला कुणाचा जीव टांगणीला नसायचा. पण रात्री त्या उठायच्या, दाराशी जाऊन कडी हलवायच्या आणि मला विचारायच्या, “दार लावलंस का गं?” लावलंय म्हटलं की परत येऊन पडायच्या, आणि माझा डोळा लागतोय तोच पुन्हा कडीचा आवाज. एखाद्या रात्री त्या उठतच नसत, तरी माझे कान त्या कडीशीच असायचे. इथे काउंट जुळला असं म्हणायची वेळ कधी येत नाही. हा आजार बरा होत नाही. तो संपण्याची वाट पाहणं म्हणजे ज्यांना आपण सांभाळतो त्यांच्याच जाण्याची वाट पाहणं, आणि तो विचार मनात डोकावला की पुढचा दिवस अपराधीपणात जायचा.

त्याच काळात त्यांच्या गोळ्यांची पट्टी कापताना कात्री माझ्या अंगठ्यात गेली. इवलीशी जखम. मी ती रोज परिचारिकेच्या नजरेने पाहायचे. कडा स्वच्छ होत्या, पू नव्हता, सूज नव्हती, माझी साखरही ठीक होती, पण जखम मिटत नव्हती. वरून खपली धरायची आणि कामात पाणी लागलं की पुन्हा उघडायची. एका अंगठ्यावरून काही सिद्ध होत नाही. पण त्यामुळे मी या विषयावरचं वाचायला घेतलं आणि १९९५ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सापडला. अमेरिकेत ओहायो इथल्या जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना घरी सांभाळणाऱ्या १३ बायका घेतल्या आणि तुलनेला तशाच वयाच्या, पण अशी जबाबदारी नसलेल्या १३ बायका. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची सारखीच जखम केली आणि ती भरून यायला किती दिवस लागतात ते मोजलं. सांभाळणाऱ्या बायकांना सरासरी ९ दिवस जास्त लागले. गट लहान होता, पण मोजमाप काटेकोर होतं, आणि मला ते वाचताना आपलं कुणीतरी पाहिलं असं वाटलं.

याच मंडळींनी पुढे दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या टाळूवर छोट्या जखमा करून पाहिल्या, एकदा सुट्टीत आणि एकदा परीक्षेच्या तोंडावर. परीक्षेच्या वेळी जखमा सुमारे ४० टक्के सावकाश भरल्या. मुलांना परीक्षेचा ताण चांगलाच असतो असं आपण सहज बोलून जातो. तो त्यांना अभ्यासाला बसवतो हे खरं, पण शरीर त्याची किंमत तेव्हाही मोजत असतं. परीक्षा ठरलेल्या दिवशी संपते म्हणून ती किंमत परवडते, आणि म्हणूनच एक परीक्षा संपायच्या आत दुसरी लावू नये.

वेळेइतकीच दुसरी गोष्ट म्हणजे आपल्या हातात काय असतं. संशोधक जे वाइस यांनी उंदरांच्या जोड्या केल्या होत्या. दोघांना एकाच वेळी तेवढाच विजेचा झटका बसायचा, फक्त एकाला चाक फिरवून तो दोघांपुरता थांबवता यायचा. ज्याच्या हातात काहीच नव्हतं त्याच्या पोटात जास्त व्रण झाले. झटका तर दोघांना सारखाच बसला होता. माणसांचंही तसंच दिसतं. ब्रिटनमध्ये १९६७ साली सुरू झालेल्या व्हाइटहॉल अभ्यासात सरकारी नोकरांची पाहणी केली गेली. ताणाने मरतात ते मोठे साहेब, असा तेव्हाचा समज. प्रत्यक्षात हृदयविकाराने होणारे मृत्यू खालच्या श्रेणीत कितीतरी जास्त निघाले, आणि धूम्रपान, रक्तदाब यांचा हिशेब केला तरी त्या फरकाचा मोठा भाग उरलाच. १९८५ पासूनच्या दुसऱ्या व्हाइटहॉल अभ्यासात, आपलं काम कसं करायचं हे ठरवण्याची मुभा नसणं आणि हृदयविकार यांचा संबंध दिसून आला.

म्हणून ताणाकडे बघण्याची दृष्टी बदला, या सल्ल्याची मला काळजी वाटते. मी नोकरीत असताना दोन वॉर्डांचे रुग्ण एका सिस्टरवर टाकले गेले होते, ओळीने नाइट लावल्या जात होत्या, आणि त्यातच ताणव्यवस्थापनाची कार्यशाळा भरवली गेली. ड्युटी संपवून आलेल्या मुली पेंगत बसल्या होत्या आणि व्याख्याते त्यांना सकारात्मक राहायला शिकवत होते. श्वासाचे व्यायाम चांगलेच आहेत, मी अजूनही करते. पण त्या मुलींना झोप हवी होती आणि वॉर्डात आणखी एक माणूस हवा होता. तसा अर्ज आम्ही दिला होता. त्यावर उत्तर आलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही आजारांच्या नव्या वर्गीकरणात बर्नआउटची, म्हणजे कामाने पुरतं थकून जाण्याची, नोंद कामाच्या ठिकाणच्या नीट न हाताळल्या गेलेल्या दीर्घ ताणाचा परिणाम म्हणूनच केली आहे.

या सल्ल्याच्या बाजूने जो अभ्यास नेहमी पुढे केला जातो, तो बहुधा २०१२ सालचा. अमेरिकेतल्या १९९८ च्या आरोग्य पाहणीतल्या हजारो लोकांची माहिती त्यात तपासली होती. ज्यांना पुष्कळ ताण होता आणि ज्यांना त्याचा आपल्या प्रकृतीवर फार परिणाम होतो असं वाटत होतं, त्यांच्यात अकाली मृत्यूचा धोका ४३ टक्के जास्त दिसला. यावरून वाटणं बदललं की धोका टळतो, असा अर्थ लावला जातो. पण ज्याच्या प्रकृतीवर ताणाचा खरोखरच परिणाम होत असतो, तो होतोय असंच सांगणार ना? त्याचं म्हणणं हे कदाचित त्याच्या आजाराचं पहिलं लक्षण असेल. परीक्षेआधी किंवा भाषणाआधी होणारी धडधड ही तयारी आहे असं मानल्याने कामगिरी सुधारते, असे चांगले प्रयोग झाले आहेत, आणि ते शस्त्रक्रियागृहातल्या माझ्या अनुभवाशी जुळतात. ते सगळे थोड्या वेळाच्या ताणाचे आहेत. वर्षानुवर्षं रात्री जागणाऱ्या बाईला ते लावणं योग्य नाही.

मला उपयोग झाला तो माझ्या नणंदेचा. वन्संनी आठवड्यातल्या दोन रात्री ठरवून घेतल्या आणि त्या कधी चुकवल्या नाहीत. सुरुवातीला त्या रात्रीही मी कडीच्या आवाजाने दचकून उठायचे. हळूहळू झोपू लागले. माझं काम आठवड्यातून दोनच रात्रींनी कमी झालं होतं, पण उरलेल्या पाच रात्रीही हलक्या झाल्या, कारण त्यांना शेवट आला होता आणि तो कोणत्या वारी येणार हे मला ठाऊक होतं. सासूबाईंवर चिडणं कमी झालं. त्या दार लावलंस का विचारायच्या तेव्हा मी त्यांचा हात धरून त्यांना दारापर्यंत नेऊन कडी दाखवू शकायचे, आणि पुष्कळदा तेवढ्याने त्या शांत व्हायच्या.

आपल्या पुरवणीत या विषयावर पुढे लेख येणार असेल, तर तज्ज्ञांना दोन प्रश्न जरूर विचारावेत: ताण किती दिवस चाललेला असला की शरीर स्वतःहून सावरत नाही, आणि सुट्टी मिळाली तरी झोप न येणं, बारीकसारीक दुखणी न हटणं, ज्यांच्यावर माया आहे त्यांच्यावरच सारखं चिडणं अशा कोणत्या खुणा दिसल्या की डॉक्टरांकडे जायला हवं. आणि रुग्णाला घरी सांभाळणाऱ्या एखाद्या बाईशी त्यांनी लेख लिहिण्याआधी बोलावं. तिला वेळ काढता येणार नाही, म्हणून त्यांनीच तिच्याकडे जावं.

आपली,
एक निवृत्त परिचारिका