उलटं पाणी

संभाजीनगर, रविवार

प्रिय दिग्या,

दिवाळीपासून तुला पत्र नाही. काय शिव्या द्यायच्या त्या दे आणि मोकळा हो. साखर गोळ्यांवर आटोक्यात आहे, बाकी ठीक.

लिनोलियमवर कोरून छापलेल्या टँकरच्या लिनोकटचा फोटो पाठवला होता बघ. टँकरपेक्षा अक्षरं मोठी: ‘पिण्याचे पाणी’. परवा प्रदर्शनात लोक यायचे, वाचायचे, पुढं सरकायचे. एक गृहस्थ म्हणाले, “संदेश चांगलाय.” संदेश! लेका, ‘पाणी’ उलटं कोरताना सगळे दांडे शेजारीशेजारी येतात. मधली फट व्ही गाऊजच्या कोरणीनं जपून काढायची. रोलरवर शाई जरा जास्त झाली की ती भरते आणि अक्षराचा ठोकळा होतो. दांडा तुटला तर ब्लॉकच गेला. एवढं समोर असून माणूस नुसता वाचून जातो!

चित्रात शब्द आला की चित्र मेलं, हे तुझं. त्यावरून गुलमंडीवर केवढे भांडलो, सुध्यानं बिल भरलं म्हणून सुटलो. आणि आज तूच फ्लॅटच्या जाहिरातीत ‘लवकरच ताबा’ लिहून पोट भरतोस!

पण मग मुद्राचित्रकार झरीना हाश्मींचं काय करशील? त्यांचा 1999 चा ‘होम इज अ फॉरेन प्लेस’ हा लाकडावर कोरून छापलेल्या 36 वुडकटचा संच, प्रत्येकात एक उर्दू शब्द. मला उर्दू येत नाही, म्हणून मी आधी रेषाच बघतो. आमचे आजोबा निजामाच्या काळात शिकलेले, ते आधी वाचून मोकळे झाले असते.

म्हणून, वाचायच्या आधी लोकांनी बघावं यासाठी, गेल्या आठवड्यात ब्लॉकवर अक्षरं सुलटीच कोरली. कागजीपुऱ्याच्या हातकागदावर प्रिंट काढली, सगळं उलटं उमटलं. पहिली वेलांटी भलत्याच बाजूला. चहावाला पोऱ्या ट्रे हातात घेऊन मान वाकडी करून बघत बसला, चहा गार. ही काही माझी अक्कल नाही. अमेरिकन कलावंत ब्रूस नाउमननं 1973 मध्येच एका लिथोग्राफ प्रिंटवर ‘लक्ष द्या’ असं शिवीसकट उलटं छापलंय.

तरी मन खातंय. टँकरवर ‘पिण्याचे’ एवढं ठळक का रंगवतात? बांधकामाचं पाणी कुणी हंड्यात भरू नये म्हणून. तिथं वाचता येणं हाच सगळा मुद्दा. आणि मी ते गॅलरीतल्या चार माणसांनी थांबावं म्हणून उलटं करतोय. मास्तर असते तर म्हणाले असते, “आधी दांडे सरळ काढ.” तेही खरंच, ‘ण’ अजून तिरकाच येतो.

पिंकीच्या ॲडमिशनचं काय झालं? वहिनींचा गुडघा? फ्लॅटचं कर्ज फिटत आलं असेल.

मुंबईच्या प्रदर्शनाला एकच प्रिंट मागितलीय, महिनाअखेर पाठवायचीय. सुलटी की उलटी? फोनवर तू हो-हो करतोस, म्हणून लिहूनच कळव. आणि ‘दोन्ही छान’ लिहिलंस तर पत्र परत पाठवीन.

तुझा,
बाळ्या