गुडघ्यांचे दुखणे आणि ‘म्हाताऱ्या पेशीं’वरची गोळी

गेल्या आठवड्यात आईने क्वेर्सेटिनच्या (फळे-भाज्यांत आढळणाऱ्या एका द्रव्याच्या) गोळ्या आणल्या. ‘म्हाताऱ्या पेशी साफ होतात’ असे शेजारच्या काकूंनी सांगितले होते. जिना उतरताना ती दोन्ही हातांनी कठडा धरते, त्यामुळे तिची आशा मला समजते.

अशा पेशींचे विभाजन थांबते, पण त्या मरत नाहीत. आजूबाजूला दाह पसरवतात. त्या काढल्यावर लवकर म्हातारे होणाऱ्या उंदरांमध्ये काही व्याधी लांबणीवर पडतात, हे अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवले. २०१५ मध्ये अशा पेशी नष्ट करणारी दासाटिनिब व क्वेर्सेटिन ही जोडी पुढे आली. यातले दासाटिनिब हे रक्ताच्या कर्करोगावरचे औषध आहे! २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेली माणसांवरची पहिली चाचणी फुप्फुसविकाराच्या अवघ्या १४ रुग्णांवर होती, तीही तुलनेच्या गटाविना. गुडघ्यांसाठीचे युनिटी बायोटेक्नॉलॉजी या कंपनीचे अशाच पेशींवरचे इंजेक्शन तर २०२० मध्ये प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या नकली इंजेक्शनपेक्षा) सरस ठरले नाही.

हे संशोधन मोलाचे आहे, ते व्हायलाच हवे. पण चाचणी उंदरांवर झाली की माणसांवर, आणि किती जणांवर, हे वृत्तपत्रांनी मथळ्यातच छापावे, ही कळकळीची विनंती. आईसारखे वाचक बहुतेकदा मथळाच वाचतात.

– एक वाचक, सातारा