चष्म्याच्या नंबराला गेलो होतो

डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

दोन वर्षांमागं थोरल्याला घेऊन मिरजेला तुमच्याकडं आलो होतो. त्याची हनुवटी यंत्राला टेकवून तुम्ही बराच वेळ बघत राहिलात आणि विचारलंत, "याला कधी कावीळ झाली होती का?" मला रागच आला. डोळे दाखवायला आलोय, पोटाचं काय विचारता?

तोवर दीड वर्ष हातचं गेलं होतं. एकोणीस वर्षांचं शांत पोरगं अंगावर धावून यायला लागलं, कॉलेज सुटलं. भावकी म्हणाली, बाहेरचं आहे. तेही करून झालं, लपवत नाही. मग एका ठिकाणी मनाच्या गोळ्या सुरू झाल्या, त्यानं अंग आणखीच ताठलं. मी सांगलीच्या यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी, आयुष्य अक्षरात गेलेलं. त्याचं अक्षर मुंगीएवढं होत ओळीअखेर नुसती रेघ उरायची. मी म्हणायचो, आळशी आहे.

तुम्ही मलाही यंत्रातून बघायला लावलंत. बुबुळाच्या कडेनं हिरवट-तपकिरी कडं, न घासलेल्या तांब्याच्या काठासारखं. ते खरंच तांबं होतं! जेवणातून आलेलं जास्तीचं तांबं यकृत पित्तावाटे बाहेर टाकतं. एक जनुक बिघडलं की ते यकृतातच साचतं, मग रक्तातून मेंदूत उतरतं. तिथं हातही बिघडतो आणि स्वभावही. विल्सन नावाच्या डॉक्टरांनी हा आजार १९१२ मध्येच लिहून ठेवलाय म्हणे, म्हणून याचं नावच विल्सनचा आजार. पुढं रक्ताची तपासणी झाली, चोवीस तासांच्या लघवीचा कॅन मांडीवर घेऊन बसनं नेला. तुमचं बरोबर निघालं.

पण खरे आभार धाकटीसाठी. मी मामाची मुलगी केलेली. बिघडलेलं जनुक दोन्हीकडून आलं, तर सख्ख्या भावंडाला चारात एक धोका. तिला काहीच होत नव्हतं, म्हणून मी टाळत होतो. तुम्ही दोनदा फोन केलात, दुसऱ्यांदा चक्क रागावलात. तिच्यातही निघालं. त्रास सुरू व्हायच्या आधीच तिला जेवणातलं तांबं अंगात शिरू न देणाऱ्या झिंकच्या गोळ्या लागल्या.

थोरला साचलेलं तांबं लघवीवाटे बाहेर काढणारं पेनिसिलामाइन उपाशीपोटी घेतो. मानसोपचारवाले डॉक्टरही लागतात, आता ते यकृताच्या डॉक्टरांना विचारून औषध देतात. राग पुष्कळ उतरलाय, अक्षर अजून सुधारतंय. तांब्याची कळशी माळ्यावर गेली. शेंगदाण्यातही तांबं असतं, पण कूट बंद करताना मात्र बायको रडली. आमच्याकडच्या भाजीत कुटाशिवाय राहतं काय?

पुढल्या महिन्यात दोघांना घेऊन येतो. यंदाची हळद आणतोय, नको म्हणू नका.

आपला,
थोरल्याचा बाप