सेंटिमीटरचा दावा, पण जाळी किती मीटरची?

महोदय,

कालच्या अंकात पूरनकाशाची बातमी वाचली. मथळ्यात 'सेंटिमीटरपर्यंत अचूक' आहे; पण पाणी कुठे किती चढेल हे संगणकावर काढताना जमीन चौकोनांच्या जाळीत विभागतात; ते चौकोन केवढे धरले, हे अख्ख्या बातमीत नाही. बातमीदाराने एवढं तरी विचारायला हवं होतं.

मी कुर्ल्याला, मिठी नदीपासून हाकेच्या अंतरावर राहतो. अभियांत्रिकीच्या मुलांना २३ वर्षं फ्लुइड मेकॅनिक्स, म्हणजे प्रवाहांचं शास्त्र, शिकवलं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला, तेव्हा आमच्या जिन्याखाली पाणी विजेच्या मीटरच्या खाली चार बोटांवर येऊन थांबलं. ती रेघ मी रंगाऱ्याला पुसू दिलेली नाही. जमिनीपासून १.३७ मीटर.

पुढे काही वर्षांनी एका सादरीकरणात त्याच दिवसाचा पाऊस घालून संगणकाने काढलेलं पाण्याच्या खोलीचं उत्तर पडद्यावर आलं. आमच्या गल्लीत ०.४२ मीटर! मी उठून विचारलं, चौकोन केवढा? ३० मीटरचा. आमची गल्ली ४ मीटर रुंद. म्हणजे गल्ली, चाळ, ओटे, नाला, सगळं एकाच चौकोनात आणि सगळ्यांची उंची एकच. जाळी निम्मी, म्हणजे चौकोनाची बाजू अर्धी, करून उत्तर किती बदलतं ते पाहिलंत का? यावर "सर, सॉफ्टवेअर परदेशी आहे" एवढंच ऐकायला मिळालं आणि माइक दुसऱ्याकडे गेला. तो अपमान मी विसरलेलो नाही.

जाळी निम्मी केली की चौकोन चौपट होतात आणि वेळेचं पाऊलही, म्हणजे दोन हिशेबांमधला वेळ, निम्मं करावं लागतं. काम आठपट वाढतं. वेळेच्या पावलाची ही अट कुरांट, फ्रीडरिक्स आणि लेवी या गणितज्ञांनी १९२८ मध्येच मांडली आहे. खर्च परवडत नसेल तर तसं सांगा, पण मग सेंटिमीटर छापू नका. पहिल्या कोटीच्या, म्हणजे आकडेमोडीच्या सर्वांत साध्या, पद्धतीत उभा लोंढा पडद्यावर आपोआप पसरट होतो, त्याचा माथा खाली येतो. हा पसरटपणा पाण्याचा नसतो, आकडेमोडीचा असतो. माथाच खाली आला, तर तळमजल्यावरच्या माणसाने सामान माळ्यावर कधी चढवायचं?

बरं, तुम्ही छापलेल्या नकाशात निळ्याच्या पाच छटा आहेत आणि कुठली छटा किती खोल, ती पट्टी कापली गेली आहे. पट्टीसकट नकाशा पुन्हा छापावा आणि त्याखाली चौकोनाचं माप द्यावं, ही विनंती.

– एक निवृत्त प्राध्यापक, कुर्ला (पश्चिम)